खोदलं कुणी आणि पैसे कुणाला

मे 2019 मधली गोष्ट आहे. आदल्या वर्षीचा दुष्काळ अजून चालूच होता, जालन्यातल्या अंबड तालुक्यात माझ्या सजातल्या, म्हणजे माझ्याकडच्या गावांतल्या, मोसंबीच्या बागा उभ्या वाळत होत्या, लोक टँकर विकत घेऊन झाडं जगवत होते. मी कृषी सहायक, त्या दिवशी 'मागेल त्याला शेततळे' या सरकारी अनुदानाच्या योजनेतल्या तळ्यांची तीन मोजमापं होती. पहिली दोन पटपट उरकली.

तिसरं एका मावशींच्या शेतात. नवरा जाऊन सात वर्षं झालेली, दोन पोरं शाळेत, शेत त्या एकट्याच कसतात. तळं बघून खरंच बरं वाटलं. 30 बाय 30 मीटर, खोली 3, खाली तळ बरोबर 21 बाय 21, बांधाची माती चोपून बसवलेली, पाणी आत येतं तिथे दगड रचलेले. भरलं तर वीस लाख लिटरच्या आसपास पाणी राहील एवढं. टेपचं दुसरं टोक धरून धाकटा पोरगा पळत होता.

मी म्हटलं मावशी, पासबुकची झेरॉक्स द्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं, "आधार लिंक केलंय सायेब" म्हणाल्या. मी फाईल उघडली तर अर्ज थोरल्या दिराच्या नावाने, आधार त्याचं, खातं पण त्याचंच. सातबाऱ्यावर जुनी 'ए.कु.मॅ.' नोंद, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकट्या थोरल्याचं नाव, यांच्या नवऱ्याचं नाव कधी लागलंच नव्हतं. खोदायच्या आधी आखणीला चुना मीच टाकलेला, तेव्हा दीर समोर उभे होते, कागद बरोबर होते, शेत कसतं कोण हे मी विचारलंच नाही. ते आजही टोचतं मला.

या योजनेत आधी काही मिळत नाही, शेतकऱ्याने पदरचे घालून खोदायचं आणि मोजमाप झालं की जास्तीत जास्त 50 हजार खात्यावर येतात. पोकलेनचं बिल झालं होतं 92 हजार. मावशींनी बोरमाळ गहाण ठेवली होती त्यासाठी.

मी सांगितलं त्यांना. त्या पिशवीची घडी घालत राहिल्या, परत उलगडायची, परत घालायची. मग म्हणाल्या, "खोदलं कुणी हे कागदावर नसतंय का?"

मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, खोली लिहायची असते, ते लिहायला कुठे रकाना नाही.

मोजमाप अडवलं असतं तर कुणालाच काही मिळालं नसतं, म्हणून मी जे होतं ते लिहिलं आणि तिथूनच दिराला फोन लावला. तो औरंगाबादला कंपनीत. रविवारी आला, पारावर सरपंच आणि दोन म्हाताऱ्या माणसांसमोर सगळे पैसे देतो म्हणाला. ऑगस्टमध्ये पैसे आले, त्याने 30 हजार दिले, बाकीचे दवाखान्यात लागले म्हणे. माझ्या मते हा सरळ अन्याय आहे, आणि तो नियमात बसतो म्हणून जास्त राग येतो. आता 2022 पासून अनुदान 75 हजार झालंय, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर जातो, पण पैसे अजूनही सातबाऱ्यावरच्या नावालाच मिळतात. म्हणून हल्ली मी आखणीच्या आधी बांधावर जाऊन शेजाऱ्यालाच विचारतो, इथे राबतं कोण.

त्याच 2019 च्या ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस आला, बाकीच्यांचं सोयाबीन सडलं त्या पावसात, पण मावशींचं तळं काठोकाठ भरलं. फोन करून म्हणाल्या, सांडव्यातून वाहतंय, या बघायला.

ए.कु.मॅ. काढून यांची आणि पोरांची नावं लावणं, मग जमीन महसूल कायद्यातल्या कलम 85 ची वाटणी, दिराची सही, मधे लॉकडाऊन, असं करत 2021 उजाडलं. नवीन सातबारा घेऊन मावशी स्वतः आल्या, त्याच प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणाल्या, आता ठिबकचा फॉर्म माझ्या नावानं भरा. भरला. बोरमाळ तोवर सुटली नव्हती.