हेल्गाचा लाल ड्रेस

अमेरिकन लेखिका नेला लार्सनची 'क्विकसँड' परवा रात्री परत काढली आणि पहाटे तीनपर्यंत खाली ठेवली नाही. १९२८ची कादंबरी, हेल्गा क्रेनची. आई डॅनिश गोरी, वडील काळे. लार्सनबाईंचं स्वतःचं घरही असंच, आई डेन्मार्कची आणि वडील डॅनिश वेस्ट इंडीजचे, म्हणजे डेन्मार्कच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटांवरचे. पहिल्यांदा वाचताना मला हेल्गाचा रागच आला होता, कुठेच टिकत नाही, सारखी सामान बांधते. यावेळी मी फक्त तिच्या कपड्यांकडे बघत गेले आणि सगळंच वेगळं दिसलं.

सुरुवातीला ती अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नॅक्सॉस नावाच्या काळ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका असते. तिथे मुलींनी काळं, राखाडी, तपकिरी नाहीतर नेव्ही ब्लू घालायचं, सावळ्या माणसांनी पिवळा हिरवा लाल घालू नये म्हणे, आणि हे सांगणारी बाईसुद्धा काळीच!

इथे मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले. सातवीत असताना कापडाच्या दुकानात काकूने माझ्या हातातला पिवळाधमक पीस काढून घेतला होता, "तुझ्या रंगाला नाही गं खुलणार, हा बदामी घे." अमेरिकेतला वंशभेद आणि हे एक नाही, मला पक्कं माहितीये, पण तो पीस अजून डोळ्यासमोरून जात नाही.

मग हेल्गा कोपनहेगनला मावशीकडे जाते आणि तिथे बरोब्बर उलटं. कॅट्रीना मावशी म्हणते भडकच घाल, लांब कानातली, चमचमते बक्कल लावलेले बूट, बिबट्याच्या कातड्याचा कोट. खरेदीला बरोबर अ‍ॅक्सेल ओल्सन हा चित्रकार, काय घ्यायचं ते तोच ठरवतो. लोक रस्त्यात थांबून बघतात. तिला ते थोडं आवडतंही, आणि लार्सनबाई हे लपवत नाहीत हे मला फार मोठं वाटतं. पण ओल्सनने काढलेलं पोर्ट्रेट बघून ती म्हणते ही मी नाहीच, आणि त्याच्याशी लग्नालाही नकार देते.

अमेरिकेत न्यूयॉर्कला परतल्यावर एका वादळी रात्री लाल ड्रेसमध्ये चिंब भिजून ती आसरा शोधत एका छोट्या चर्चमध्ये शिरते तर तिथल्या बायका त्या ड्रेसवरूनच तिला पापी बाई ठरवून तिच्याभोवती प्रार्थना करायला लागतात, आणि दमलेली, मनातून मोडलेली ती शेवटी त्यांच्यात विरघळते. लगोलग एका पाद्रीशी लग्न, मग थेट अलाबामातलं खेडं. तिथे गेल्यावर, बघा, हीच हेल्गा गावातल्या बायकांना चर्चला काय घालावं ते शिकवायला जाते! कोणाला ते रुचत नाही.

मग बाळंतपणांवर बाळंतपणं. चौथ्या मुलानंतर ती मरता मरता वाचते, बाळ जातं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या तिला शहरं, पुस्तकं आणि कपडे आठवत राहतात. जरा उठून चालायला लागते तोवर पाचव्याची वेळ येते. तिथेच कादंबरी संपते.