तुम्ही विचारलंत म्हणून: ती पाणबुडी भंगारात का नाही काढली?

आमच्या हॉलमध्ये वाळूवर उभ्या असलेल्या एका पाणबुडीचा फोटो आहे. 1980 च्या दशकात मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यातून आम्हा काही जणांना पाणबुडीबांधणी शिकायला जर्मनीत, कीलला पाठवलं होतं. तिथल्या खाडीच्या तोंडाशी लाबो गाव आहे. तिथे एका रविवारी काढलेला हा फोटो. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हिटलरच्या आरमाराची ना ही? मग जपली कशाला?"

अहो, बाकीच्या कुठे जपल्या? युद्धानंतर शरण आलेल्या 116 पाणबुड्या ब्रिटिशांनी आयर्लंडच्या वायव्येला नेऊन बुडवल्या. ही यू-995, 1943 ची, हॅम्बुर्गची. युद्ध संपलं तेव्हा ती नॉर्वेत होती आणि तिथेच राहिली, म्हणून वाचली. नॉर्वेच्या नौदलाने 'काउरा' नावाने ती 1962 पर्यंत वापरली आणि मग जर्मनीला एका मार्कात देऊन टाकली. 1972 पासून ती लाबोला आहे. तिच्या जातीच्या सातशेच्या वर पाणबुड्या बांधल्या गेल्या, त्यातली ही एकच उरली.

आत गेलो आणि बोलणंच बंद झालं. लांबी 67 मीटर, पण माणसं राहतात त्या प्रेशर हलचा, म्हणजे पाण्याचा दाब झेलणाऱ्या आतल्या पोलादी नळीचा, व्यास पाच मीटरही नाही. त्यात पन्नासेक पोरं, दोन डिझेल इंजिनं, बॅटऱ्या, टॉर्पेडो. बिछाने माणसांपेक्षा कमी. एक उठला की त्याच्या उबेतच दुसरा आडवा व्हायचा. या पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे 40 हजारांपैकी 30 हजारांच्या आसपास परत आले नाहीत. पण मला तिथे आठवले ते समोरचे, ज्यांच्या जहाजांवर या पाणबुड्या टॉर्पेडो सोडत ते. ब्रिटिश मालवाहू जहाजांवर डेकला रत्नागिरीकडचे खलाशी असत, जेवणखाण बघायला गोव्याचे. टॉर्पेडो लागून गेलेल्यांत आपले हिंदी खलाशी हजारोंनी आहेत. टॉर्पेडो सोडायच्या त्या नळकांड्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर दोन्हीकडची माणसं एकदम डोळ्यांपुढे येतात. कुठल्याही स्मारकाच्या मनोऱ्याने माझं असं झालेलं नाही.

जपण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या. शिकागोची यू-505 अमेरिकेने 1944 साली भर समुद्रात पकडली. ती आता छपराखाली आहे, आणि लोखंडासाठी तेच योग्य. समुद्रतळावरून 1993 साली वर काढलेली यू-534 इंग्लंडमधल्या बर्कनहेडला आणून पुढे कापून तुकड्यांत मांडली. मला ते पटलं नाही. जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनची 'विल्हेल्म बाउअर' ही पाणबुडी अजून पाण्यात आहे. या कामातल्या माणसाने ती चुकवू नये, कारण पाण्याखाली वेगाने धावण्यासाठी आखलेल्या नव्या जातीची ती आहे.

लाबोच्या पाणबुडीलाही लोकांना आत-बाहेर करता यावं म्हणून प्रेशर हल कापून दारं केली आहेत. आमच्या कामात याच प्रेशर हलच्या वेल्डिंगच्या जोडांचे एक्स-रे काढत. केसाएवढी चीर दिसली तरी तो जोड उकलून पुन्हा करायचा. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आमची पाणबुडी 'शाल्की' 1992 साली नौदलात गेली ती अशा जोडांवर. त्यामुळे ते कापलेलं दार पाहून आधी पोटात कालवलं. मग एक आजी नातवाचा हात धरून त्याच दारातून वाकत आत शिरल्या, आणि मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.