तुम्ही विचारलंत म्हणून: रॅम मोकळी असून कॅमेऱ्याला मेमरी का मिळत नाही?

ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) लिहायला शिकणारी मुलं हा प्रश्न मला हमखास विचारतात. बोर्डावर निम्मी रॅम मोकळी दिसते, तरी कॅमेरा सुरू करायला गेलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हात वर करतो. असं का?

प्रोग्रामला सलग दिसणारी मेमरी रॅममध्ये सलग असतेच असं नाही. ४ केबीची पेजेस, म्हणजे रॅमचे ठरावीक मापाचे तुकडे, कुठेही विखुरलेली असोत, एमएमयू हा पत्ते बदलून देणारा हार्डवेअरचा भाग ती जोडून दाखवतो. कॅमेऱ्याचा डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत लिहिणारा भाग, मात्र रॅमच्या खऱ्या पत्त्यावर लिहितो. मधे आयओएमएमयू (डिव्हाइससाठीचा एमएमयू) नसेल आणि तुकड्यांची यादी वाचण्याची सोयही त्या हार्डवेअरमध्ये नसेल, तर त्याला खरोखरची सलग जागाच हवी.

लिनक्सच्या बडी अ‍ॅलोकेटरचा, म्हणजे कर्नलमधल्या पेजेस वाटणाऱ्या भागाचा, सर्वांत मोठा ठोकळा सहसा १०२४ पेजेसचा, म्हणजे ४ एमबीचा. १९२० बाय १०८०ची, दर पिक्सेलला २ बाइट घेणारी फ्रेम ४१,४७,२०० बाइटची. ती त्यात जेमतेम मावते. फोर-केची मावतच नाही. शिवाय मशीन काही काळ चाललं की मोकळ्या पेजेसच्या मधोमध कर्नलचं एखादं पेज ठाण मांडून बसलेलं असतं. प्रोग्रामचं पेज हलवता येतं, कारण पेज टेबलमधली (एमएमयूच्या पत्त्यांच्या तक्त्यातली) नोंद बदलली की भागतं. कर्नलचे पॉइंटर थेट त्या पत्त्यालाच धरून असतात, म्हणून ते पेज बहुधा हलत नाही. माझ्या मते सगळ्या डिझाइनचं मर्म इथे आहे: कोण हलू शकतं आणि कोण नाही, हे आधीच ठरवून त्यांना वेगळं बसवायचं.

बूट होतानाच जागा राखून ठेवणं हा जुना उपाय. पण कॅमेरा बंद असताना ती नुसती पडून राहते. २०१२ साली लिनक्स ३.५मध्ये आलेला सीएमए (सलग मेमरी देणारा अ‍ॅलोकेटर) मला म्हणूनच फार आवडतो. तो जागा राखतो, पण तोवर हलवता येणाऱ्या पेजेसना ती वापरू देतो. डिव्हाइसने मागितली की त्यांना दुसरीकडे नेतो. तिथलं एखादं पेज कुणी दीर्घकाळ पिन करून, म्हणजे जागेवर खिळवून, ठेवलं तर मात्र सगळं अडतं. त्यामुळे आताचा कर्नल असं पेज पिन करण्याआधी सीएमएबाहेर हलवतो.

या हलवाहलवीला वेळ लागतो. म्हणून बफर (फ्रेम ठेवायची मेमरी) स्ट्रीम सुरू होण्याआधीच मागून घ्या, दर फ्रेमला नको. आणि मेमरी मिळाली नाही तर एकूण मोकळ्या रॅमचा आकडा बघत बसू नका. प्रॉक (/proc) या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरखालच्या बडीइन्फोमध्ये मोठे ठोकळे किती उरलेत आणि मेमइन्फोमध्ये सीएमए किती मोकळा आहे, ते आधी बघा.