पोच आधी, नोंद मग

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

माझं नाव काढलंय.

भांडण नाही, अपमान नाही, काही नाही. आमच्या एनबीडी सर्व्हरच्या कोडमधले बदल, म्हणजे पॅच, यांची चौथी आवृत्ती आली, आणि दुसऱ्या व चौथ्या पॅचखाली माझी जी 'रिव्ह्यूड-बाय'ची (मी वाचून तपासलं, अशा सहीची) ओळ होती ती आता नाही. रीतच आहे ती. पॅच बराच बदलला की आधीच्यांच्या ओळी काढायच्या, त्यांनी पुन्हा वाचायचं, पटलं तर पुन्हा द्यायच्या. मी स्वतः दोघा-तिघांना हे शिकवलंय, तेही जरा कडक शब्दांत. तरी संध्याकाळपासून पत्रिकेच्या 'आपले विनीत'मधून नाव गळल्यासारखं वाटतंय. आणि गळलेलं नाव योग्य कारणाने गळलंय, हे जास्त लागतंय.

तिसऱ्या आवृत्तीवर मी अकरा शेरे मारले होते. आज पुन्हा मोजले. मागणीच्या ओळखक्रमांकाला 'हँडल' लिहिलंयस, तपशिलाच्या दस्तऐवजात २०२३ पासून त्याला 'कुकी' म्हणतात. मॅजिक आकडा (मागणीच्या सुरुवातीची ठरलेली खूण) उघडा लिहू नकोस, त्याचं नाव वापर. (तो आकडा २५६०९५१३. हेक्समधला आहे, पण मला तो नेहमी पुण्यातल्या एखाद्या लँडलाइनचा नंबर वाटतो. झोपेतून उठवलं तरी सांगेन.) इथे टॅब, तिथे स्पेस. कमिट मेसेजची, म्हणजे बदलाच्या वर्णनाची, पहिली ओळ लांब झाली. प्रत्येक शेऱ्याआधी 'निट'. निट म्हणजे लीख, उवेचं अंडं. अकरा लिखा काढल्या, हात झटकले आणि खाली सही ठोकली: वाचलं, चोख आहे.

दोन दिवसांनी आमच्यातल्याच दुसऱ्या एका तपासणारीची एक ओळ आली. ती महिन्यातून एखादी ओळ लिहिते. 'डू-राइट आता स्वतःच उत्तर पाठवून परत येतं ना? मग त्यानंतरचं सिंक कोणासाठी?'

बस. नमस्कार नाही, निट नाही. (डू-राइट म्हणजे सर्व्हरमधलं लिहिण्याचं काम करणारं फंक्शन; सिंक म्हणजे लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरवणं.)

एनबीडीत (नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस) काय चालतं ते बायकोला एकदा समजावलं होतं: दुसऱ्या मशीनमधली डिस्क आपल्या मशीनला आपलीच वाटावी, एवढंच. लिनक्समधला त्याचा ड्रायव्हर १९९७ पासूनचा. साधी मागणी २८ बाइटांच्या मथळ्याची: खूण, फ्लॅग, काम कोणतं, कुकी, कुठून, किती. वाच किंवा लिही. ही म्हणाली होती, मग यात एवढं काय आहे वाचत बसण्यासारखं? यात आहे ते एफयूए. त्या फ्लॅगचा अर्थ असा की लिही, पण खरोखर डिस्कवर उतरल्याशिवाय 'झालं' म्हणू नकोस. फाइलसिस्टिमचा सगळा भरवसा त्या 'झालं'वर. लिनक्सची ईएक्सटी४ फाइलसिस्टिम आपल्या जर्नलचा (बदलांच्या नोंदवहीचा) कमिट ब्लॉक अशीच लिहिते. ते 'झालं' खोटं निघालं तर वरची सगळी शिस्त वाऱ्यावर.

दुसऱ्या पॅचने उत्तर पाठवायचं काम डू-राइटच्या पोटात हलवलं. ठीक. चौथ्या पॅचने एफयूए असेल तर डू-राइटनंतर एफडेटासिंक बोलावलं. तेही ठीक. वेगवेगळे वाचले तर दोन्ही सरळ. एकापुढे एक ठेवले की आधी लिहिलं, मग 'झालं' कळवलं, मग डिस्कवर उतरवलं. आणि त्या सिंकला ईआयओ, म्हणजे डिस्कवर लिहितानाची एरर, आला तर सांगणार कोणाला? उत्तर तर केव्हाच गेलंय.

दोन्हीखाली माझी सही होती.

बाजू मांडायची तर डिफ (काय बदललं ते दाखवणारा उतारा) बदललेल्या ओळीच्या वर तीन आणि खाली तीन ओळी दाखवतो. डू-राइटच्या आत काय चाललंय ते त्या सहा ओळींत नव्हतं. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. याचे मला कोणी पैसे देत नाही. चाचण्या सगळ्या हिरव्या होत्या. सर्व्हर किल-९ने मारून बघायची चाचणीसुद्धा आहे आमच्याकडे, आणि ती मीच लिहिलेली. पण प्रोसेस मेली तरी लिहिलेलं कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, सुखरूप असतं, ते आपलं सावकाश उतरतं डिस्कवर. वीज गेल्याशिवाय ही चूक दिसणारच नाही. मग मी काय घरातला मेन स्विच पाडत बसू?

जुनी उदाहरणंही काढली. २०२२ मध्ये एनबीडी-सर्व्हर नावाच्या प्रोग्रॅममध्ये सापडलेलं ते भगदाड. समोरच्याने सांगायचं, माझ्या नावाची लांबी ४२९४९६७२९५ आहे. सर्व्हर शेवटच्या शून्यासाठी त्यात एक मिळवणार, बत्तीस बिटांत ती बेरीज होणार शून्य, म्हणजे जागा घेतली शून्य आणि नाव लिहायला मात्र तयार. ३.२४ आवृत्तीत निस्तरलं. सुटतं, सगळ्यांच्याच नजरेतून सुटतं. पाच मिनिटं बरं वाटलं. मग आठवलं की मी सुटलेल्याबद्दल चिडलेलोच नाही. मी बघतच नव्हतो. स्पेलिंग बघत होतो.

हे मला कधीपासून माहीत आहे बहुतेक. ऑफिसात त्या प्रकरणात साहेब म्हणालेच होते, 'तुमची नजर फार बारीक आहे हो.' तेव्हा मी ते कौतुक म्हणून घेतलं. जाऊ दे.

साडेनऊला लाईट गेली. खरीच. दुपारपासून भरून आलं होतं, एक कडकडाट झाला आणि पूर्ण गल्ली काळी. राउटर बंद, त्यामुळे मेललाही सुट्टी. लॅपटॉप ५८ टक्क्यांवर, आणि तिसरी-चौथी दोन्ही आवृत्त्या आधीच उतरवलेल्या. म्हटलं, चला, बघू तरी. तिसरी आवृत्ती बांधली, सर्व्हर एसट्रेसखाली (प्रोग्रॅम कर्नलला काय काय करायला सांगतो ते क्रमाने दाखवणारं साधन) चालवला आणि एफयूए लावून चार किलोबाइट लिहायला सांगितलं. अंधारात तीन ओळी आल्या.

पीराइट.
सेंड.
एफडेटासिंक.

इतकंच. कोड वाचता न येणाऱ्यालाही कळलं असतं. मी त्या तीन ओळींकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे, मागे बाबा टॉर्च घेऊन उभे होते. 'डोळे जातील,' म्हणाले. मग शेजारच्या खुर्चीवर बसले. लाईट गेली की त्यांना बोलायला सुचतं. काय बघतोयस म्हणाले, तर मी सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला: एक जण कागद घेतो, कागद देणाऱ्याला लगेच पोच देतो, आणि नोंद मात्र नंतर करतो. मध्येच काही झालं तर नोंद नाही, पण पोच आहे.

बाबा म्हणाले, 'माझ्या दाखल्यासारखं.'

हयातीचा दाखला. नोव्हेंबरात स्वतः काउंटरवर जाऊन दिला होता. पोचेवर शिक्का, सही, तारीख, सगळं. पुढे पेन्शन थांबली. बाबा दोनदा हात हलवत परत आले, तिसऱ्यांदा मी गेलो आणि असा काही आवाज चढवला की मागच्या रांगेतले आजोबा मला बसायला खुर्ची द्यायला लागले. 'पोच दिलीत ना तुम्ही? मग नोंद कशी नाही? न बघता सह्या करता?' काउंटरपलीकडचा माणूस चाळिशीचा, डोळे तांबारलेले, समोर कागदांची चळत. तो काही बोलला नाही. त्याने पुन्हा फॉर्म दिला. मी त्यावरसुद्धा एक चूक काढली होती, तारखेच्या रकान्यात साल चुकीचं छापलेलं होतं.

आज त्या माणसाची आठवण येऊन अंधारात एकट्यालाच हसू आलं. बाबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पोच जपून ठेवलीत का ती? तर म्हणे हो, प्लास्टिकच्या फोल्डरात आहे. 'पण तिचा उपयोग काय आता?'

ते झोपायला गेल्यावर चौथी आवृत्ती बांधली. या वेळी डिफ उघडलाच नाही. फाइल उघडली आणि डू-राइट पहिल्या ओळीपासून वाचलं, जिथून त्याला बोलावतात ती तिन्ही ठिकाणं वाचली, एरर आल्यावर कुठे कुठे उडी मारतं तेही बोट ठेवून बघितलं. तास गेला. शेरा एकही सुचला नाही आणि ते जरा विचित्र वाटलं, जेवणानंतर बडीशेप न मिळाल्यासारखं. मग एसट्रेस.

पीराइट.
एफडेटासिंक.
सेंड.

अकरा वाजून पाच मिनिटांनी लाईट आली. पंखा, फ्रिज, राउटर, सगळे एकदम जागे. उत्तर लिहायला घेतलं. 'रिव्ह्यूड-बाय' पहिल्यांदा टाइप केलं, खोडलं. आता द्यायला हरकत नव्हती खरं तर. पण बोट सेंडवर जाईना. शेवटी 'टेस्टेड-बाय' लिहिलं आणि खाली त्या तीन ओळी जशाच्या तशा चिकटवल्या. एवढं मी स्वतः बघितलंय, एवढ्यावर सही करायला जीव घाबरत नाही. दुसरी ओळ ती देईल. तिची शोभेल.

पाठवताना नजर गेली. चौथ्या पॅचच्या कमिट मेसेजमध्ये 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकलंय, ई आणि आय उलटे. संध्याकाळपासून कसं दिसलं नाही देव जाणे. ठरवलं, लिहायचं नाही. मेल पाठवली, लॅपटॉप मिटला, पाणी प्यायलो, चार्जर काढायला परत आलो.

लिहिलं. 'निट:' म्हणून.