रेंटनचा पोरगा

रविवार, १३ जुलै २०२५. रेंटन (सिएटलच्या शेजारचं शहर), रात्रीचे साडेदहा.

आईने मे महिन्यात पाठवलेला भडंगाचा डबा आज रिकामा झाला, आणि तो केला समोरच्या काकांनी. इथे सत्तरी उलटलेल्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात. चौदा वर्षं झाली तरी माझी जीभ वळत नाही. त्यामुळे तोंडावर मी नाव घ्यायचंच टाळते आणि वहीत ते काका. बोइंगच्या इथल्या कारखान्यात ७३७ विमानं जोडण्यात त्यांची हयात गेली. आता दोनच कामं: टोमॅटोची रोपं आणि मॅरिनर्स, म्हणजे सिएटलचा बेसबॉल संघ. दोन्हीकडून दरवर्षी थोडी निराशा ठरलेली.

दुपारी तीनला ड्राफ्ट, म्हणजे बेसबॉल संघांची नव्या खेळाडूंची निवड, सुरू होणार म्हणून त्यांनी गॅरेजचं शटर वर करून टीव्ही बाहेर ओढला होता. घडीच्या खुर्च्या, बर्फाच्या पेटीत कॅन, शेगडीवर सॉसेज. मंडळी मोजकीच. काका, त्यांची मुलगी, काकांचा टपाल खात्यातून निवृत्त झालेला मित्र, मी, आणि आमचे चिरंजीव. वय अकरा, लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉलमध्ये) पिचिंग, म्हणजे चेंडू टाकायचं काम, करतात. त्यांच्यामुळेच मी या खेळात ओढली गेले. नाहीतर कराडच्या बाईला बेसबॉलचं काय सोयरसुतक?

सकाळी आईला फोनवर सांगत होते तर म्हणाली, "म्हणजे आयपीएलचा लिलाव ना?" तसं नाही. लिलावात ज्याच्या थैलीत पैसा तो उचलतो. इथे संघांनी ओळीने उभं राहायचं आणि पाळीपाळीने एकेक पोरगा उचलायचा. गेल्या हंगामात जो जास्त आपटला त्याची पाळी आधी. २०२३ पासून वरच्या सहा जागांसाठी चिठ्ठ्याही टाकतात. यंदा आमचं नशीब एवढं की पंधराव्या नंबरवरून उडी मारून तिसरा नंबर लागला. पोराला कुठे जायचंय हे कोणी विचारत नाही. पटलं नाही तर सही करू नकोस, परत कॉलेजात जा, एवढाच त्याचा हक्क. आई म्हणाली, "आमच्या वेळी लग्नं अशीच ठरायची."

पहिल्या दोघांची नावं झाली आणि तिसऱ्या नंबरला मॅरिनर्सनी केड अँडरसन घेतला. लुईझियानाचा डावखुरा. गेल्याच महिन्यात कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या (कॉलेज संघांच्या अजिंक्यपदाच्या) फायनलच्या पहिल्या सामन्यात एकट्याने सगळ्या नऊ इनिंग टाकल्या, एकही धाव दिली नाही, आणि संघ १-० ने जिंकला. गॅरेजमध्ये टाळ्या. चिरंजीव खुर्चीवर उभे. मला वाटलं, आता निदान अर्धा तास तरी आनंद टिकेल.

दोन मिनिटं टिकला. काकांनी कॅन खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं आहे. या वेळी गल्लीतला कोणी नव्हता सोडायला."

झालं. मित्राने कपाळाला हात लावला. मुलीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. २००६ सुरू झालं.

ही कहाणी मी किमान दहादा ऐकली असेल, पण आज वहीत उतरवतेच. टिम लिन्सेकम. जन्म शेजारच्या बेलव्ह्यूचा, शाळा रेंटनमधली लिबर्टी हायस्कूल, जिच्यासमोरून मी रोज ऑफिसला जाते. कॉलेज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, म्हणजे मॅरिनर्सच्या मैदानापासून जेमतेम सहा-सात मैल. वडीलही बोइंगमध्येच. पोराची पिचिंगची ती विचित्र शैली वडिलांनीच घडवली आणि कोणाही कोचला त्यात बोट घालू दिलं नाही. २००६ च्या हंगामात त्याने कॉलेजकडून १९९ फलंदाज स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, आणि त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान त्याला मिळाला. काकांची मुलगी तेव्हा तिथेच शिकत होती. ती सांगते, सामन्याला एवढी कमी माणसं असायची की चेंडू कॅचरच्या ग्लव्हात बसल्याचा आवाज पार्किंगपर्यंत यायचा. फटाका नव्हे, दार आपटल्यासारखा.

६ जून २००६. मॅरिनर्सचा नंबर पाचवा. हा पोरगा अजून कोणी घेतलेला नव्हता. त्यांनी नाव पुकारलं ब्रँडन मॉरोचं. लिन्सेकम दहाव्या नंबरला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला.

पुढचं जगाला माहीत आहे. २००८ मध्ये १८ विजय, ५ पराभव, २६५ स्ट्राइकआउट आणि साय यंग, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार. २००९ मध्ये पुन्हा साय यंग. जायंट्सनी २०१०, २०१२, २०१४ असं तीनदा जगज्जेतेपद मिळवलं तेव्हा हा त्या संघात. आणि आमचे मॅरिनर्स? २००१ नंतर थेट २०२२ मध्ये प्लेऑफ बघितला. वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे जगज्जेतेपदाच्या फायनलचं, तर दारही अजून पाहिलेलं नाही. तीस संघांत असा हा एकटाच.

"पिकतं तिथं विकत नाही" या म्हणीचं इंग्रजी मी काकांना एकदा करून सांगितलं होतं. त्यांना ते इतकं आवडलं की आता स्वतःचं असल्यासारखं वापरतात. आजही वापरलं, आणि वर भडंगाची मूठ.

मित्राला मात्र हे रडगाणं अजिबात मंजूर नाही. त्याचं म्हणणं, एकट्या मॅरिनर्सना का झोडता? नऊ संघांनी सोडला त्याला. उंची कागदावर पाच फूट अकरा, वजन कॉलेजच्या पोरासारखं, चेंडू टाकताना पाठ फलंदाजाकडे आणि डोकं आभाळाकडे. हा खांदा दोन वर्षांत निखळणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. मॉरो सहा फूट तीन इंच, तोही तुफान वेगाचा. "तू त्या खुर्चीत असतास तर कोणाला घेतलं असतंस?" काका गप्प. मग म्हणाले, "मी त्याला बघितलं होतं. तीन वर्षं. त्यांनीही बघितलं होतं. बाकीच्यांनी विमानाने येऊन बघितला, आमच्यांनी सायकलवर जाऊन बघितला असता."

आणि मग उठलेच. चिरंजीवांकडून रंगीत खडू मागून घेतला, ड्राइव्हवेवर एक आडवी रेघ मारली, मोजपट्टीने साडेसात फूट मोजले आणि दुसरी रेघ मारली. म्हणाले, चेंडू टाकताना त्याचं पाऊल इथून सुटायचं आणि इथे पडायचं. स्वतःच्या उंचीपेक्षा लांब. मी त्या दोन रेघांकडे बघत राहिले. आमच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यापेक्षा जास्त अंतर. एक माणूस एका पायावर सुटतो आणि सोफा ओलांडून दुसऱ्या पायावर उतरतो, वर अंगातला सगळा जोर त्या क्षणी बोटांच्या टोकाला आणतो. बारीक अंगाने एवढा वेग कुठून आणला, ते या दोन रेघांतच आहे. हाताने नव्हे, सबंध देहाची गोफण करून तो फेकायचा. ज्यांना त्या फेकण्यात मोडणारा खांदा दिसला त्यांनी फक्त हात बघितला असावा. (हे माझं मत. खुर्चीत बसून मत द्यायला काय जातं.)

मला बुमराह आठवला. तीच कुरबूर: ॲक्शन विचित्र, पाठ टिकायची नाही. तोही अहमदाबादचा, आणि २०१३ पासून मुंबईचा. फरक एवढाच की तेव्हा गुजरातचा संघच नव्हता, त्यामुळे अहमदाबादला कोणाच्या नावाने बोटं मोडायची सोय नव्हती. आणि तिथे मी लुटणाऱ्यांच्या बाजूची. आजवर एकदाही मनात आलं नाही की अहमदाबादेतल्या कुठल्याशा गॅरेजसमोर एखादे काका आपल्याला शिव्या देत बसले असतील.

मुलगी बराच वेळ शेगडीपाशी होती. ती आली आणि तिने तिसरीच बाजू लावली. म्हणाली, "तुम्ही दोघं लिन्सेकमसाठी भांडता. मॉरोबद्दल कोण बोलणार?" आणि हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं: मॉरो जन्माने सांता रोझाचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला. कॉलेज बर्कलीला. म्हणजे अस्सल जायंट्सच्या अंगणातला. दोन शहरांनी एकमेकांची पोरं नेली, बस. जायंट्सच्या अंगणातलं पोर आमच्याकडे आलं आणि आम्ही त्याचं काय केलं? कधी बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या ताफ्यातून) शेवटची इनिंग टाकायला लावलं, कधी स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, केलं, पुन्हा बुलपेन. आज हे, उद्या ते. २००९ च्या डिसेंबरात टोरोंटोला देऊन टाकला. पुढच्याच ऑगस्टमध्ये त्याने टोरोंटोसाठी एका सामन्यात १७ स्ट्राइकआउट केले आणि सबंध सामन्यात एकच हिट दिली. मुलगी म्हणाली, "लिन्सेकम इथे आला असता तर त्याचंही आपण हेच केलं असतं. पहिल्या दिवशी कोणीतरी त्याचं पाऊल आखूड करायला लावलं असतं."

काकांकडे याला उत्तर नव्हतं. मित्र खुशीत. मला वाटतं बाई बरोबर बोलली, पण चुकीच्या वेळी. काकांना बरोबर-चूक नकोच होतं. त्यांना एवढंच हवं होतं की तो पिवळ्या बसमधून शाळेत जाणारा किडकिडीत पोरगा त्यांच्या शहराच्या जर्सीत दिसावा.

मग काकांनी १ नोव्हेंबर २०१० ची रात्र सांगितली, जी मला सगळ्यांत आवडते. टेक्सासमध्ये वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. जायंट्सकडून लिन्सेकम. समोर टेक्सासकडून क्लिफ ली, ज्याला मॅरिनर्सनी त्याच वर्षीच्या जुलैत टेक्सासला दिलं होतं. म्हणजे मैदानावरच्या दोन्ही पिचरांशी सिएटलचं नातं, एकाला आपण घेतला नाही आणि दुसऱ्याला ठेवला नाही. लिन्सेकमने आठ इनिंग टाकल्या, १० स्ट्राइकआउट, सामना ३-१, जायंट्स जगज्जेते. काका म्हणतात, "मी एकटाच बसलो होतो. टाळी वाजवली आणि मग माझाच मला राग आला."

२०१२ पासून त्याची धार गेली. खुब्याचं ऑपरेशन झालं, २०१६ मध्ये दुसऱ्या संघाकडून नऊ सामने टाकले आणि मोठ्या मैदानावरचा खेळ संपला. हॉल ऑफ फेमच्या (थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनाच्या) पहिल्याच मतदानात २.३ टक्के मतं मिळून यादीतूनही नाव गेलं. मित्र हे दरवेळी पत्ता टाकल्यासारखं टाकतो, की बघा, शरीर टिकणार नाही म्हणणारे खोटे नव्हते. दहा वर्षं टिकलं की! माझ्या मते जगज्जेतेपदाच्या तीन अंगठ्या आणि दोन साय यंगला दहा वर्षं पुष्कळ झाली. हे मी मोठ्याने म्हटलं तर काकांनी मला सॉसेजची प्लेट देऊ केली. मी खात नाही हे ते दरवेळी विसरतात.

एक गंमत मात्र मी आज नीट बघितली. हे सगळं बोलताना काकांच्या अंगात पिवळा टीशर्ट होता, धुवून धुवून लिंबाच्या सालीसारखा झालेला. किंग्ज कोर्टचा. फेलिक्स हर्नांडेझ पिच करायचा तेव्हा मैदानाच्या एका कोपऱ्यात हे पिवळे टीशर्टवाले बसायचे, हातात के अक्षराची (स्कोअरमधली स्ट्राइकआउटची खूण) पिवळी पुठ्ठ्याची पाटी, दर स्ट्राइकआउटला ती नाचवायची. फेलिक्स व्हेनेझुएलाचा. सोळाव्या वर्षी सही केली, एकोणिसाव्या वर्षी मोठ्या मैदानावर उतरला आणि पंधरा हंगाम याच गावासाठी टाकला. २०१२ च्या ऑगस्टमध्ये २७ च्या २७ फलंदाजांना बेसवर पाय ठेवू दिला नाही. परफेक्ट गेम. आणि प्लेऑफचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. त्याच्याबद्दल बोलताना काका "फेलिक्स" म्हणतच नाहीत, "आमचा राजा" म्हणतात. लिन्सेकमला कधी "आमचा" म्हटल्याचं मला आठवत नाही. तो नेहमी "रेंटनचा पोरगा".

व्हेनेझुएलात फेलिक्सच्या गावी काय म्हणत असतील? मला कंपनीने २०११ मध्ये इकडे पाठवलं तेव्हा मी काही सिएटल मागून घेतलं नव्हतं. कराडला मावशी अजून शेजारणींना सांगते, "आमची पोरगी तिकडच्यांनी नेली." जशी काही मी पाचव्या नंबरची होते. कराडच्या बाजूने एकही बोली नव्हती, हे तिला कोण सांगणार.

लुईझियानात मेजर लीगचा, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगचा, संघच नाही. त्यामुळे अँडरसनबद्दल तिथे कोणाला आपलं पोर सोडल्याचा सल असणार नाही, असं मित्राने सात वाजता जाहीर केलं आणि तो गाडीत बसला. काकांनी टीव्ही आत ओढला. भडंगाचा रिकामा डबा धुवून दिला, आत चार कच्चे टोमॅटो घालून. रिकामा डबा परत देऊ नये हे मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं.

नऊ वाजेपर्यंत उजेड होता. चिरंजीव त्या दोन रेघांवर. एका पायावर उभं राहायचं, सुटायचं, उतरायचं, मागे वळून बघायचं. दुसऱ्या रेघेपासून चार वीत कमी. मी म्हटलं, अरे, त्याची उंची पाच अकरा होती, तू केवढा? म्हणाला, "म्हणजे माझी रेघ वेगळी लागेल." मग पट्टी आणून स्वतःची उंची मोजली, कागदावर काहीतरी गुणाकार केला आणि काकांच्या दोन रेघांच्या मध्ये हिरव्या खडूने तिसरी मारली. तिच्यापर्यंतही एक वीत कमी पडतंय.

काकांच्या हिरवळीचे पाण्याचे फवारे पहाटे पाचला आपोआप सुरू होतात आणि निम्मं पाणी ड्राइव्हवेवर जातं. उद्याच्या दिवस ते बंद ठेवा, असं त्यांना सांगायला मला पुन्हा चपला घालून जावं लागलं. त्यांनी आधीच बंद केले होते.