काजूगर दुबईला, काजूगर दम्मामला: माझा अनुभव

कुडाळजवळच्या आमच्या छोट्या काजू कारखान्यातून पहिल्यांदाच आखातात माल जाणार होता. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा एडी कोड ही कामं सहज झाली. डोकं लावावं लागलं ते दुबईच्या खरेदीदाराच्या मागणीवर. अर्धा माल तो दुबईत विकणार होता, उरलेला सौदीतल्या दम्मामला.

सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान आणि बहरीन यांचा २००३ पासून जकात संघ आहे. बाहेरून येणाऱ्या बहुतेक मालावर सगळीकडे एकच ५ टक्के जकात, आणि पहिल्या बंदरात ती भरली की पुढच्या सदस्य देशात पुन्हा भरायची नाही. म्हणजे सगळा माल दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरवावा असंच कुणालाही वाटेल. पण मे २०२२ पासून भारत-अमिराती करार लागू आहे आणि त्यातली जकातीची सवलत एकट्या अमिरातीची आहे. आमच्या सीएचएने, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटने, स्पष्ट सांगितलं, "दादा, दुबईची माफी दम्मामला चालेल असं धरून भाव देऊ नका."

म्हणून दोन लॉट, दोन भाव. दुबईच्या लॉटला करारातला मूळ देशाचा दाखला, दम्मामचा लॉट सवलत नसलेल्या साध्या दाखल्यावर थेट सौदीला.

खरी मेहनत त्या पहिल्या दाखल्याची. गावची बी संपली की आमच्याकडे आफ्रिकेची बी येते. काजू इथेच पिकलाय हे दाखवायचं तर दोन्ही कुठेच मिसळता कामा नयेत. गावच्या बीच्या पोत्यांवर हिरव्या रंगाने लॉट नंबर घातला, बागायतदारांच्या पावत्यांवर गाव, वजन, तारीख लिहून घेतली. उकडणं, फोडणं, सोलणं, ग्रेडिंग, प्रत्येक टप्प्याच्या वहीत तोच नंबर. ग्रेडिंगच्या बायका तर हिरव्या लॉटचं टेबल आधी पुसून घ्यायच्या, मगच डब्ल्यू ३२० या प्रतीचे गर निवडायला बसायच्या. हे काम किचकट आहे, पण आपल्या बागायतदाराच्या बीला वेगळी किंमत मिळवून द्यायची तर ते करायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही लॉट सुखरूप पोचले. आता जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून विचारणा आली आहे. युरोपीय संघाची जकात सीमाही एकच, त्यामुळे माल नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात सोडवला तरी हॅम्बुर्गला वेगळी जकात नाही. लंडनचा भाव मात्र स्वतंत्र काढतोय, कारण २०२१ पासून ब्रिटन त्या जकात सीमेबाहेर आहे.