हनोईत रस्ता ओलांडताना

हनोईच्या नोई बाय विमानतळाबाहेर 86 क्रमांकाची केशरी बस मिळते. तासाभरात ती जुन्या शहराच्या कडेला सोडते आणि समोर दुचाक्यांचा लोंढा दिसतो. व्हिएतनाममध्ये नोंदलेल्या दुचाक्या सात कोटींहून अधिक आहेत. पहिल्या नजरेला वाटतं, इथे कुणाचंच कुणावर नियंत्रण नाही. ही समजूत घेऊन रस्त्यावर उतरू नका, महागात पडेल.

आधी चालण्याबद्दल. सिग्नल नसलेल्या ठिकाणी गाड्या थांबण्याची वाट पाहिलीत तर संध्याकाळ होईल. जवळच्या गाड्यांत थोडी फट दिसली की उतरा आणि एकाच संथ वेगाने चालत राहा. पळू नका, मध्येच थबकू नका, मागे तर अजिबात सरकू नका. दुचाकीवाला तुमच्या वेगाचा अंदाज बांधून मागून किंवा पुढून वळसा घेतो. अपघात होतात ते पर्यटक दचकून थांबतो तेव्हा. बस आणि मोटारींना मात्र हा हिशोब लागू नाही, त्यांना वळसा घेता येत नाही. त्यांना आधी जाऊ द्या. सिग्नल असेल तिथे हिरव्या माणसाची वाट पाहाच. पादचाऱ्यालाही दीड ते अडीच लाख डाँग दंड आहे. 1 रुपया म्हणजे ढोबळमानाने 300 डाँग.

1 जानेवारी 2025 पासून 168 क्रमांकाचा सरकारी आदेश लागू झाला आणि चौकांचं रूप पालटलं. दुचाकीने लाल दिवा तोडला तर पूर्वी 8 ते 10 लाख डाँग भरावे लागत, आता 40 ते 60 लाख, म्हणजे तेरा ते वीस हजार रुपये. फुटपाथवर गाडी चढवली तरी तेवढेच. लाल दिवा तोडणाऱ्या मोटारीला 1 कोटी 80 लाख ते 2 कोटी. शिवाय परवान्यावर 12 गुण असतात आणि गुन्ह्यागणिक ते कापले जातात. म्हणून आता आकडे उलटे मोजणाऱ्या सिग्नलपाशी सगळे पांढऱ्या रेषेमागे उभे दिसतात. उजवीकडे वळायलाही हिरवा बाण लागतो. बाण नसेल तर मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी हलायचं नाही.

दंडाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे नजर. चौकाचौकात कॅमेरे आहेतच, पण 176 क्रमांकाच्या आदेशाने नियमभंगाची माहिती देणाऱ्या नागरिकालाही बक्षीस ठेवलं आहे: दंडाच्या 10 टक्क्यांपर्यंत, एका प्रकरणात जास्तीत जास्त 50 लाख डाँग. मागच्या गाडीवरच्या माणसाचा फोन तुमच्याकडे रोखलेला असू शकतो. शेजाऱ्याला शेजाऱ्यावर लक्ष ठेवायला लावणारी ही पद्धत मन खिन्न करते, पण तिथली ती रोजची वस्तुस्थिती आहे.

पिवळट खाकी गणवेश वाहतूक पोलिसांचा, हिरवा वॉर्डाच्या पोलिसांचा. दोघेही एकाच सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाचे. परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद, रहिवाशांची नोंद आणि मार्च 2025 पासून वाहन चालवण्याचे परवानेही याच मंत्रालयाकडे आहेत. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस तो लाम हे आधी याच खात्याचे मंत्री होते. दुसरा पक्ष देशात नाहीच. चौकातला शिट्टीवाला एवढ्या मोठ्या यंत्रणेचं टोक आहे, हे ध्यानात ठेवून त्याच्याशी बोला.

स्कूटर भाड्याने घेण्याचा मोह आपल्याकडच्या पर्यटकांना फार होतो, म्हणून कळकळीने सांगणं आहे: घेऊ नका. आरटीओ देतं तो आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराखालचा असतो. व्हिएतनाम 1968 चा व्हिएन्ना करार मानतं. दुकानदार काहीही म्हणो, कायद्याच्या लेखी तुम्ही विनापरवाना. 125 सीसीपर्यंतच्या गाडीला 20 ते 40 लाख डाँग दंड, त्याहून मोठ्या गाडीला 60 ते 80 लाख, आणि गाडी जप्त. खरा धोका अपघाताचा: परवाना वैध नसेल तर प्रवास विमा कंपनी दवाखान्याचं बिल नाकारू शकते. पासपोर्ट अनामत म्हणून ठेवायचा नाही, गाडी जप्त झाली की तो अडकतो. ग्रॅब या ॲपवरून चालकासह दुचाकी बोलवा, हेल्मेट चालक देतो. हनुवटीखालचा पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट दंडाला पात्र आहे. बिअर पिऊन चालवण्याला तर शून्य सूट, एका घोटालाही.

तरीही चालवलीत आणि काळा-पांढरा दंडुका आडवा आला, तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा. अधिकारी आधी सलाम करतो, मग कागद मागतो. आवाज चढवू नका, त्याच्या तोंडासमोर फोन धरू नका. पासपोर्टमध्ये नोट घालून देणं हा गुन्हा आहे. किरकोळ रकमेपलीकडच्या दंडाची लेखी नोंद व्हायलाच हवी आणि पैसे बँकेत किंवा सरकारी पोर्टलवर भरायचे असतात.

खाणं फुटपाथवरच, वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर. वॉर्ड पोलिसांची गाडी भोंगा वाजवत आली की विक्रेती क्षणात स्टुलं उचलते. वाडगा हातात घेऊन उभे राहा, भिंतीला टेका. गाडी गेली की स्टुलं पुन्हा मांडली जातात. पैसे आधीच देऊन ठेवा, पळापळीत तिचं नुकसान व्हायला नको. बर्फाचा चहा, म्हणजे चा दा, मागवून इथे बसलं की शहर उलगडतं. पण त्या बाईला सरकारबद्दल मत विचारू नका. फौजदारी कायद्याच्या 117 व्या कलमाखाली राज्यविरोधी प्रचाराला 20 वर्षांपर्यंत कैद आहे. तुम्ही विमानाने परत जाल, तिला तिथेच राहायचं आहे.

ट्रेन स्ट्रीटवर, म्हणजे घरांना खेटून रेल्वे जाते त्या गल्लीत, अडथळे लावून पहारेकरी बसवलेले असतात. कॅफेवाले आत नेतात खरे, पण पहारेकऱ्याने नाही म्हटलं तर हुज्जत न घालता परत फिरा.

व्हिएतनामचे क्रांतिकारी नेते हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद, इतर दिवशी फक्त सकाळी उघडी. उन्हाळ्यात देखभालीसाठी बरेच आठवडे बंद असते, तारखा पाहून जा. खांदे-गुडघे झाकलेले, टोपी काढलेली, हात खिशाबाहेर, आत फोटो नाही. समाधीसमोरच्या, दिवसभर मोकळ्या दिसणाऱ्या बा दिन्ह चौकात जमिनीवर पिवळी रेघ आहे. तिच्यापलीकडे पाऊल पडलं की पांढऱ्या गणवेशातला पहारेकरी शिट्टी मारतो. रात्री नऊला ध्वज उतरवतात, तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं तिथे फिरायला आलेली असतात. पंधरा मिनिटं आधी पोहोचा, रेघेच्या अलीकडे उभे राहा, आणि परतीची गाडी चौकात न बोलावता दिएन बिएन फू रस्त्यावरच्या लेनिनच्या पुतळ्यापाशी बोलवा.